मैदानाला आगाऊ नमस्कार

बुलढाणा,
१२ जून २०२५

चि. डिंपल हिला अ. आ.

आशीर्वाद जुन्याच पद्धतीचे आहेत, त्यांत प्रथिने किती हे विचारू नकोस.

तुमच्या ‘दख्खन बायसन्स’ क्लबने पहिल्या सहा महिन्यांसाठी मुलींचे मोबाइल कपाटात बंद केले हे ऐकून मला फार आनंद झाला. टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि त्यांत ऐकण्यासारखे क्वचितच काही निघाले. पत्रात माणसाला निदान विचार करण्याचे सोंग तरी आणावे लागते.

जळगाव जामोदच्या कबड्डी स्पर्धेत तिघी अंगाला लोंबकळत असताना तू मधली रेषा गाठलीस आणि पुण्याहून आलेल्या कोणा टोपीवाल्याला साक्षात्कार झाला, इथवर मला ठाऊक आहे. पण त्याने तुला ज्यासाठी नेले ते रग्बी लीग म्हणजे काय, हे मोताळ्याला तुमच्या घरी कोणालाही सांगता आले नाही. तुझा बाप, म्हणजे माझा अतिहुशार भाचा गोपाल, म्हणाला की चेंडू लांबट असतो. तुझी आई सुचिता म्हणाली की पोरींना पाडतात. यावर तुझ्या आजीचे, सोजरावहिनींचे म्हणणे असे पडले की पाडूनच घ्यायचे तर पुण्याला कशाला जायला हवे, घरासमोरच्या गटारावर फरशी नाही ती काय कमी आहे.

दिवाळीनंतर क्लब निम्म्या मुली ठेवणार आणि निम्म्या परत पाठवणार, असे कळते. गोपालने आताच जाहीर करून टाकले आहे की परत आलीस तर हे वेड संपले. मग त्याच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून फवारणीची औषधे विकायची. तेव्हा काय करायचे ते कर, पण तिथे टिकून राहा. पत्र लांब लिही. लोभ आहेच, तो तुझ्या खुराकासारखा मोजून घेऊ नकोस.

तुझी मोठी आत्या,
अनुपमा

*

पुणे,
३० जून

ती. मोठ्या आत्यायले डिंपलचा सा. न.

मी मजेत आहे. इथं सकाळी चार अंडे देतात अन् वरून विचारतात की पचले का.

खेळ असा आहे. दोहीकडं तेरा-तेरा पोरी. चेंडू काखेत घेऊन पळायचं, समोरच्यायनं आपल्याले पाडायचं. पाडलं की उठायचं, चेंडू भुईवर ठेवायचा अन् पायानं मागं सारायचा, मागची पोरगी तो उचलते. असं सहा वेळा करता येते, मंग चेंडू दुसऱ्यायचा. त्यायच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवला की त्याले ट्राय म्हणतात.

पळण्यात अन् पाडण्यात मी पुढं आहे. भानगड वेगळीच आहे. चेंडूले पाय लागला की माहा हात आपोआप चेंडूले लागते अन् कपाळाले जाते. तुम्हाले तर माहीत आहे आजीचं. पुस्तकाले पाय लागला, सुपाले लागला, माणसाले लागला, नमस्कार केल्याबिगर पुढचं पाऊल नाही. आता ते हाडात बसलं. तेवढ्यात समोरच्या पोरी फळी धरून उभ्या राहतात अन् आमची चाल जाते. परवा तर मी एकीले धरून पाडलं, पाडता पाडता माहा पाय तिच्या पायाले लागला. मी तिले सोडून नमस्कार केला. ती उठली अन् ट्राय करून आली. वरून मले थँक्यू म्हणे.

कोच कुलदीप सरायनं त्याचा व्हिडिओ सगळ्यायले दाखवला अन् म्हणे, हे असंच चाललं तर दिवाळीले घरी जाऊन फराळच कर. मंग मले मानसतज्ज्ञ मॅडमकडं धाडलं. त्यायनं लिहिलं, ‘आक्रमकतेचा अभाव’. मले विचारत होत्या की लहानपणी घरी कोणी मारत होतं काय. मी म्हटलं हाव, नमस्कार नाही केला तर आजी मारे.

हसू नका. मले इथंच राहाचं आहे.

तुमच्या मायेची,
डिंपल

*

बुलढाणा,
८ जुलै

चि. डिंपल हिला अ. आ., आणि त्या मानसतज्ज्ञ बाईंना काहीही नाही.

आक्रमकतेचा अभाव! आपल्या घराण्यावर आजवर नाना आरोप झाले, पण हा पहिलाच. तुझ्या पणजोबांनी एका कडुनिंबाच्या सावलीवरून शेजाऱ्याशी तीन पिढ्या पुरेल एवढे भांडण मागे ठेवले. त्यांना ही बाई भेटायला हवी होती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे कोणाला पाय लागला की सॉरी म्हणायचे, आणि एकदा सॉरी म्हटले की पुन्हा लाथ मारायला मोकळे. मोठी सोयीची पद्धत होती. आपल्या नमस्कारात ही सोय नाही, कारण वाकताना आपण काय केले ते स्वतःलाच दिसते. हे पुण्याच्या क्लबला कळावे अशी माझी अपेक्षा नाही, पण कळवणे माझे काम होते. म्हणून तुमच्या अकादमीचे प्रमुख, कोणी चंद्रशेखर आहेत ना, त्यांना मी सविस्तर पत्र टाकले आहे.

त्यात लिहिले आहे की आपला पाय दुसऱ्याला लागला हे ज्याला समजते असे माणूस आता सरकारी कचेरीत, एस.टी.त किंवा लग्नाच्या पंगतीत शोधून सापडत नाही. ते तुमच्या मैदानावर सापडले तर तुम्ही त्यावर औषधोपचार करता? त्यापेक्षा तिच्याभोवती काचेची पेटी बांधा आणि तिकीट लावून लोकांना दाखवा. माझी भाषा सौम्य होती. पहिला खर्डा तू पाहायला हवा होतास.

माया असू दे, मीही ठेवते.

अनुपमा

*

पुणे,
२१ जुलै

आदरणीय अनुपमा मॅडम यांस,
सविनय नमस्कार.

आपले पत्र आमच्या संपूर्ण टीमने एकत्र बसून वाचले. ब्रँड विभागातील दोन सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपली सूचना आम्हाला तत्त्वतः मान्य आहे.

कु. डिंपल ही आमच्या खेळाडू-विकास प्रक्रियेतील एक प्रेरणादायी मालमत्ता आहे. तिच्या नमस्काराभोवती ‘मातीतले संस्कार’ ही मोहीम राबवण्याचे आम्ही ठरवले असून एका नामवंत अगरबत्ती उत्पादकाने उत्सुकता दाखवली आहे. काचेच्या पेटीची आपली कल्पना छायाचित्रकारांना विशेष आवडली.

आपल्यासारख्या ज्येष्ठांचे मार्गदर्शन असेच लाभत राहावे, ही विनंती.

आपला,
चंद्रशेखर

*

पुणे,
९ ऑगस्ट

ती. मोठ्या आत्यायले सा. न., अन् हात जोडून एक विनंती, ती शेवटी लिहिते.

माही सवय सुटली होती आत्या. पूर्ण सुटली होती. साखरखेर्ड्याची पुष्पांजली माह्या खोलीत राहते, तिनं तोड काढली. ती म्हणे, बाप्पा, दर वेळी काऊन वाकतेस? सकाळी मैदानात उतरली की एकदाच खाली वाक अन् सांगून टाक की आज माहा पाय ज्याले ज्याले लागन त्या सगळ्यायचा हा आगाऊ नमस्कार आहे. मी केलं तसं. आजीले फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण नमस्कार तर झालाच होता. त्या दिवसापासून हात खालीच राहून राह्यला. कुलदीप सर पहिल्यांदाच म्हणे की वा बे पोरी.

अन् चार दिवसांनी ऑफिसात तुमचं पत्र आलं.

आता मैदानावर कॅमेरा आला आहे. माह्यासाठी चेंडू धुऊन आणतात. मी तो पायानं सारायचा, मंग हळूच वाकायचं, हात लावायचा, डोळे मिटायचे. मी पटकन केला तर म्हणतात की भाव नाही आला, परत कर. एकदा उदबत्तीच्या धुरानं मले ठसका लागला तर म्हणे, हे ठेवू, डोळ्यात पाणी छान दिसते. एवढं झाल्यावर खेळायले गेलं की हात पुन्हा कपाळाले जाते, अन् कुलदीप सर ओरडतात की कशाले आली. ऑफिसवाले म्हणतात नमस्कार कर, कोच म्हणतात केला तर बाहेर बसवीन.

चंद्रशेखर सरायनं बोलावून सांगतलं की दिवाळीनंतर माह्यासमोर दोन रस्ते आहेत. एक मोहिमेचा करार. फोटो, गावोगाव कार्यक्रम, बाबाले चांगला वाटन असा पैसा, अन् खेळायची सक्ती नाही. दुसरा, सगळ्या पोरींसारखी निवड चाचणी द्यायची अन् नशीब पाहाचं. दोन्ही नाही भेटत.

विनंती अशी की तुमच्या पाया पडते, आता त्यायले पत्र लिहू नका.

तुमची,
डिंपल

*

बुलढाणा,
१७ ऑगस्ट

चि. डिंपल हिला अ. आ.

नाही लिहिणार. माझ्या लेखणीने एखाद्या माणसाला खजील केले तर मला समजते. अगरबत्ती विकायला प्रवृत्त केले हे या वयात प्रथमच घडले. चंद्रशेखर यांना उपरोध कळत नाही. असा माणूस मोठ्या हुद्द्यावर पोचणारच.

काल मोताळ्याला गेले होते. गोपालला तुझ्या पोस्टरची बातमी कुठूनशी लागली आहे आणि तो हवेत आहे. दुकानाच्या दारावर तुझा मोठा फोटो लावणार, शेजारी तणनाशकाची जाहिरात. मला म्हणाला, आत्या, खेळून पोरगी हातपाय मोडून घेईन, नमस्कार करून कोणाचं हाड मोडते काय. सुचिता म्हणाली की फोटोच काढायचा होता तर बुलढाण्याच्या स्टुडिओत काढला असता, त्यासाठी पोरगी एवढी लांब कशाला धाडली. माझ्या भाच्याने काही शहाणपणाचे केले तर ते हे लग्न.

सोजरावहिनींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या की कॅमेऱ्यापुढं केलेला नमस्कार पोचते कोणाले? आगाऊ नमस्काराची युक्ती मात्र त्यांना पसंत पडली. त्या स्वतःही उद्यापासून तसेच करणार आहेत, गुडघे दुखतात म्हणून.

मी सल्ला देत नाही. माझा मागचा सल्ला काय गुण उधळून गेला ते आपण दोघी पाहतोच आहोत. तू ठरव. गोपालला मी पाहून घेते.

ममता आहे तशीच आहे.

अनुपमा

*

पुणे,
७ डिसेंबर

ती. मोठ्या आत्यायले सा. न.

मोबाइल परत भेटला, पण तुम्हाले कागदावरच सांगावं वाटलं.

चाचणीच्या सकाळी मी चंद्रशेखर सरायले सांगतलं की मोहीम मले नको. ते म्हणे, डिंपल, तुला कल्पना आहे का तू काय नाकारते आहेस? मी म्हटलं हाव, रोज तोच चेंडू धुऊन आणतात. ते हसले नाहीत. कॅमेरावाला तरी आलाच होता. आम्ही खेळत असताना रेषेवरून हात हलवून मले खुणा करे, वाक, वाक. मी एकदाही वाकली नाही. शेवटी त्यानं कॅमेरा खांद्यावरून उतरवला अन् वडापाव खाल्ला.

निवडीत माहं नाव सगळ्यात शेवटी होतं, राखीव म्हणून. पोस्टर पुष्पांजलीले भेटलं. ऑक्टोबरात तिचा गुडघा गेला होता, तिले तसंही घरी धाडणार होते. ती म्हणे, मले राहाले जागा तरी भेटली, तू तोंड पाडू नको. तिले भावपूर्ण नमस्कार शिकवायचं काम माह्याकडं दिलं आहे, ‘नेतृत्वगुण विकास’ म्हणून. आम्ही दोघी दार लावून सराव करतो अन् हसून हसून लोळतो. मंग कधी ती मधेच थांबते अन् गुडघ्यावर हात ठेवून बसते. तेव्हा मी तिचा गुडघा शेकून देते.

काल पहिला सामना झाला. अखेरच्या दहा मिनिटांत मले उतरवलं. पहिल्याच चालीत मी चेंडू उलट्या काखेत धरला, एकीनं थाप मारून पाडला, अन् त्या पोरीयनं ट्राय केला. आम्ही हरलो. कुलदीप सर सगळ्या मैदानाले ऐकू जाईन असे ओरडले. शिवी दिली. पण आत्या, त्यात हाताचं काही नव्हतं, संस्काराचं काही नव्हतं, मोताळ्याचं बी काही नव्हतं. फक्त काख चुकली म्हणून दिली, जशी बाकीच्या पोरीयले देतात तशी. रात्री मी जेवण लय केलं.

तुमची,
डिंपल

*

बुलढाणा,
१२ डिसेंबर

चि. डिंपल हिला अ. आ. आणि अभिनंदन, हरल्याबद्दल.

तुझे पत्र मी मोताळ्याला नेऊन मोठ्याने वाचले. गोपाल आधी म्हणाला की दहा मिनिटं खेळली, हरली, शिव्या खाल्ल्या, यात पेढे वाटण्यासारखं काय आहे. मग उठून गेला आणि पेढे घेऊन आला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढ्याबरोबर रग्बी लीग समजावून सांगतो आहे. अजूनही चेंडू लांबट असतो यापलीकडे त्याची मजल गेलेली नाही.

पुष्पांजलीला माझे आशीर्वाद सांग, आणि सांग की गुडघा चांगल्या डॉक्टरला दाखवायचे चंद्रशेखर यांच्याकडून कबूल करून घे. त्यांनी टाळाटाळ केली तर मला कळव. या वेळी उपरोध न वापरता लिहीन.

एक तक्रार आहे. शिवी कोणती होती, ते तू लिहिलेले नाहीस. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि टेलिफोन खात्यातली आहे. पुढच्या पत्रात पूर्ण लिही, आणि सुवाच्य.

तुझी,
मोठी आत्या