एकशे दहावर टक्

८ जून, रविवार
चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या सिग्नलपुढे गाडी पंक्चर. लेक ईरा मागच्या सीटवर रडत. चाकाचा एकही नट हलेना. एका रिक्षावाल्याने पान्यावर उभं राहून जोर दिला, तर बोल्टच तुटला. गेल्या महिन्यात सासरेबुवांनी चाकांची अदलाबदल केली, तेव्हा असंच पाय देऊन आवळलं होतं.
घरी सांगितलं. म्हणाले, "ढिलं राहून चाक निघून गेलं असतं तर? माझंच नाव घेतलं असतंस."
राहुल फोनमध्ये. बायको कोण, बाप कोण, काही संबंध नाही.

१० जून
मेकॅनिककडून बोल्ट बसवला. हाफ डे टाकून गिंडीच्या हत्यारांच्या दुकानात, टॉर्क रेंच घ्यायला. लावलेल्या मापाइतका जोर झाला की टक् वाजणारा पाना. दुकानदाराने बाइकचा छोटा काढला. "सार वरलया, मॅडम?" साहेब नाही आले का, म्हणे. म्हटलं, सार नाहीत, मीच आहे. अर्धा इंची, चाळीस ते दोनशेवाला द्या. गाडीच्या पुस्तकात नटांना एकशे दहा न्यूटन-मीटर आहे, तो आकडा मधोमध हवा. मग मोठा काढला.

१५ जून, रविवार
सगळे नट ढिले करून पुन्हा आवळले. समोरासमोरचे, आलटून पालटून. टक् वाजलं की थांबायचं. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ, हलला तर कळावं म्हणून.
बाबा, म्हणजे सासरेबुवा, खुर्ची टाकून पाहत. "रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्म गेला माझा. हाताला कळतं."
"मग बोल्ट का तुटला?"
जेवले नाहीत. राहुल म्हणतो, तू पण ना. मी पण काय?

१८ जून
त्याच रेंचने गच्चीवरच्या पंपाचा गंजलेला नट सोडवला बाबांनी! रेंच फक्त आवळायला असतो, सोडवायला वापरला तर माप बिघडतं. सांगितलं तर, "हत्यार आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती?" मी तोंडाला येईल ते... जाऊ दे.
गिंडीला तपासून आणला. नशिबाने ठीक.

२२ जून, रविवार
सगळ्या रेघा सरकलेल्या. बाबांनी परत पाय दिलाय.
रेंच आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेले, तर बाबा चाकापुढे उभे. "हात लावायचा नाही."
"बाजूला व्हा."
"नात बसते या गाडीत. झोप लागत नाही मला."
"मग माझी कोणी नाही? माझी मुलगी आहे ती!"
आवाज ऐकून राहुल खाली आला. एकदाचा. माझ्या हातातून किल्ली घेतली, खिशात टाकली. "आता कोणीच चालवायची नाही. विकून टाकू."
बाबा आणि मी एकदमच त्याच्यावर ओरडलो. तो वर निघून गेला. मग आम्ही दोघं तिथेच.
किल्ली त्याच्याकडेच. नट आहेत तसेच.