शेवटच्या ओळीतलं नाव

३ मार्च, सोमवार
प्रकाशदादाने, म्हणजे थोरल्या काकांच्या मुलाने, आबांच्या जयंतीच्या स्मरणिकेचं प्रूफ पाठवलंय. इथे हैदराबादेत आमच्या घरात धड मराठी वाचणारी आता मीच, म्हणून तपासणं माझ्या गळ्यात. मधल्या दोन पानांवर वंशावळ: 'जलसाकारांच्या चार पिढ्या'. सगळ्यात वर शाहीर केरबा, आमचे आजोबा, आबा. खाली मुलगे, नातू, पणतू. सगळे बाप्ये! दादाचा मुलगा परदेशात, उभ्या जन्मात डफाला हात लावला नाही, त्याला चौकट. त्याचीच सख्खी बहीण ऋतुजा दर जयंतीला घसा फोडून आबांची गाणी गाते, तिला नाही. आजीच्या जागी नुसतं 'पत्नी'. नावसुद्धा नाही.
तारनाक्याला भाजी आणायला जायचं होतं. गेलेच नाही.

४ मार्च
दादाला फोन. म्हणतो, "अगं, मुली दुसऱ्या घरी जातात. वंशावळीत कशा घालणार? पद्धतच तशी है." मी म्हटलं, पद्धती मोडा म्हणून आबा जलशातून गावोगाव ओरडत फिरले, ते काय उगाच? "तू ना शोभा, हर बात को..." पुढचं मी ऐकलं नाही. ठेवला.
मग ऋतुजाला केला. "लाईट लो, आत्या. त्या डब्यात बसून मला काय करायचंय?" ही पोरगी गाणी इंग्रजी अक्षरांत लिहून गाते, आणि तरी तिच्याइतकं जीव ओतून कुणी गात नाही. तिच्यावरही चिडले. बापाचा राग लेकीवर काढला, चुकलंच.

७ मार्च
नारायणगुड्याला कमळआत्याकडे. आबांची ही एकच मुलगी, चौऱ्याऐंशीची. वंशावळ दाखवली. चष्मा लावून सबंध वाचली, घडी घालून परत दिली. मग कपाटातून एक वही काढली. शाळेतली, तिच्या बाळबोध अक्षरात.
"गाणी आबांची नाहीत गं."
"मग?"
"आईची. ती बिड्या वळत सांगायची, मी लिहायची. आबा पाठ करायचे, चाल लावायचे."
मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, "गळा आबांचा होता. आईला कोण उभं करणार होतं जलशात?" अगदी शांतपणे. तिच्या त्या शांतपणाचाच मला जास्त संताप. वर मलाच विचारते, "तुला कायकू इतका राग?"
वही मागून आणली. "सांभाळ," एवढंच म्हणाली.

९ मार्च, रविवार
दिवसभर वही. जलशाच्या गाण्यात शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची रीत. सगळ्या गाण्यांत 'केरबा म्हणे'. म्हटलं, झालं, दादा हेच नाचवणार.
पण नीट पाहिलं तर 'केरबा' नंतर लिहिलंय. खाली खोडलेलं आहे: 'ते म्हणे'. पुढच्या गाण्यात तेच. त्याच्या पुढच्यात तेच. एकोणीस गाणी, एकोणीस वेळा.
आत्याला फोन लावला. हसली. "अगं, आई नवऱ्याचं नाव कसं घेईल? 'ते' म्हणायची. मी लहान, ऐकलं तसं उतरवलं. मग आबांनी खोडून वर नाव घातलं."
आबांनी. त्यांचंच ते तिरकं अक्षर, मी ओळखते ना! म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि एकदाही...
त्यातलं एक गाणं तर बायांनो, नवऱ्याचं नाव बिनधास्त घ्या, असं सांगणारं. त्याच्याही शेवटी 'ते म्हणे'. आजीने ते रचलं आणि स्वतः मात्र नाव घेतलं नाही. हसू यायला हवं. मला रडू आलं. आबांची लाडकी नात मी. त्यांच्यावर कधी चिडेन असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च
वही घेऊन सिकंदराबादला, दादाकडे. त्याने पानं उलटली. दोनदा. तोंड उतरलं.
"हौ. दिसतंय खरं," म्हणाला. मग, "पण नक्को गं शोभा. लोक म्हणतील शाहिराने बायकोची गाणी ढापली. आपण सगळे त्यांच्याच नावावर उभे आहोत."
मी म्हटलं, गीतं तिची, गायन त्यांचं, दोन्ही नावं शेजारी छापा. कुणाचं काय जातंय? आणि आत्याचं, ऋतुजाचंही. तो म्हणाला, बघतो. लहानपणी तो आबांच्या मागे तुणतुणं घेऊन उभा राहायचा, ते सांगता सांगता डोळे पुसले. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.
वहिनींनी पावाचा डबल का मीठा केला होता. रागात तसाच टाकून आले. खायला हवा होता, त्यांचा काय दोष.

१५ मार्च, शनिवार
दुसरं प्रूफ आलं. आजीला नाव मिळालं: 'सहधर्मचारिणी गयाबाई'. कुठून शोधतो हे शब्द! गाणी आबांचीच. आत्या नाही. ऋतुजा नाही.
आणि तिसऱ्या ओळीत एक नवी चौकट. माझी. फोटोसकट. खाली 'संपादिका'. सोबत चिठ्ठी: "तुझं मन राखलं. आता वाद नको. सोमवारी सकाळी अकराला छापखान्याचा माणूस येईल, सही करून दे."
खरं लिहायचं तर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बरं वाटलं. फोटो निवृत्तीच्या समारंभातला, निळ्या साडीतला, छान आलाय. चष्मा पुसून परत पाहिला. मग वर आजीकडे नजर गेली आणि अंगाची नुसती आग झाली. दादाने मला बरोबर ओळखलं, त्याचीच ती आग.

१६ मार्च, रविवार
लाल पेन घेतलं. 'सहधर्मचारिणी' खोडलं, 'गीतरचना' लिहिलं. आत्याची चौकट आखली, ऋतुजाची आखली.
दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मुलींना चौकटी नाहीत म्हणजे नाहीत. मग तुझीपण कशाला? तूही मुलगीच ना घरची. तीपण खोड."
बरोबर आहे त्याचं. मी अर्धा तास पेन हातात धरून बसले. माझी चौकट अजून तशीच आहे. सही केलेली नाही.