सपूच्या कॅबिनेटचं माप

शहादा,
मंगळवार, संध्याकाळ

प्रिय सपू,

तुझ्या कॉम्प्युटरसाठी कॅबिनेट शोधता शोधता माझी अशी गत झालीय की डबा दिसला तरी मळमळतं. काल तुझ्या मामीनं डब्यातून लाडू काढून पुढ्यात ठेवला, तर मी आधी डबा फिरवून मागं हवा जायला जाळी आहे का ते बघितलं. ती म्हणाली, "आते याले दवाखानामा लई जा कोनी." हसू नकोस. तूच लावलेलं लचांड आहे हे.

लग्नात मामाकडून काय हवं असं विचारलं तेव्हा तू फ्रिज मागितला नाहीस, सोनं मागितलं नाहीस. गेम खेळायचा कॉम्प्युटर मागितलास, तोही सुटे भाग आणून आपल्या हातानं जोडायचा. त्या दिवशी फोनवर मी नुसतं "बघू" म्हणालो, पण मला फार बरं वाटलं होतं. लोणखेड्याला कॉलेज करताना तू आमच्याकडंच राहिलीस. माझ्या पंपमोटार रिवायंडिंगच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात, जळक्या वायरीच्या वासात, कानाला हेडफोन लावून बसायचीस आणि मधूनच ओरडायचीस, "डावीकडून येतोय, डावीकडून!" पुढं उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून डावीकडं बघायचं. मोटार टाकायला आलेला माणूस मला हळूच विचारायचा, "भाऊ, हाई पोर कोनले धमकाडी ऱ्हायनी?" नेटवर तुझ्या टीममधून खेळणाऱ्या कुठल्या कुठल्या गावच्या त्या पोरी, कधी न भेटलेल्या, आणि तू त्यांची कॅप्टन. ती गेमची मोठी स्पर्धा तुम्ही जिंकलात तेव्हा मी बाजारात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर मला धड सांगता येईना. पोरगी जिंकली, एवढंच म्हणायचो. मग तू धडगावला आईबापांकडं गेलीस. तिथं वारा सुटला की नेट जातं, आणि तुझ्या पोरी तुझ्यावाचून अडून बसल्या. तुझ्या होणाऱ्या सासरी, प्रकाशा गावाला, नेट चांगलं आहे, म्हणजे लग्नानंतर गाडी पुन्हा रुळावर, अशा समजुतीत मी होतो.

बाकीचे भाग पटापट जमले. तो छोटा मदरबोर्ड तळहाताएवढा, बघून मला त्याचं कौतुकच वाटलं. ग्राफिक्स कार्ड मात्र विटेसारखं, लांब आणि जड. आता एवढ्याशा बोर्डाला आणि एवढ्या मोठ्या विटेला एका लहान डब्यात कोंबायचं, आणि दोघांनाही वारा मिळाला पाहिजे. मी मनात म्हटलं, हेमकांत, जन्मभर मोटारी बांधल्यास, एक डबा निवडायला काय लागतं? इथंच फसलो.

धुळ्याच्या एका दुकानात गेलो. पहिलीच कॅबिनेट दाखवली ती तिन्ही बाजूंनी काचेची. आत दिवे. हिरवे, जांभळे, गुलाबी, सगळे पळत होते. वरातीतल्या बँडची हातगाडी परवडली, निदान ती पुढं निघून जाते. मी विचारलं, काच कार्डाच्या पंख्याला चिकटूनच आहे, मग पंख्यानं वारा ओढायचा कुठून? दुकानदार म्हणाला, "काका, आजकाल लूक चालतो, लूक." दुसरीला पुढून सुरेख नक्षी होती, चिरा पाडल्यासारखी. बोट घालून बघितलं तर नुसती नक्षीच, आरपार भोक एकही नाही. वाऱ्याचं चित्र काढून ठेवलेलं! मला अशा लबाडीची किळस येते. जी वस्तू जे करत नाही ते करते असं दाखवायचं, आणि वर त्याचेच जास्त पैसे. तिसरीचा पत्रा इतका पातळ की उचलताना दबून आत गेला. त्याची धार माझ्या अंगठ्याला लागली, तर दुकानदारानं आधी पत्र्यावरचं रक्त पुसलं.

एक ऑनलाइन मागवून बघितली. फोटोत राजवाडा, आली तेव्हा एक पाय तुटलेला आणि स्क्रूची भोकं एकासमोर एक नाहीत. ती मी जब्बारभाईंना दाखवली. तू ओळखतेस त्यांना, पेट्या आणि कूलर बनवणारे, दुकानाच्या समोरच बसतात. त्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "हेमकांतभाई, ये पत्रा है के मिठाई का वर्ख?" मग दोघं मिळून त्या डब्याला आणि तो बनवणाऱ्याला भरपूर नावं ठेवली. ती नावं लग्नाळू मुलीच्या पत्रात लिहिण्यासारखी नाहीत.

शेवटी एक बरी सापडली. जाड पत्रा, पुढं आणि वर खरीखुरी जाळी, दिवा एकही नाही, कार्ड आत बसून वर बोटभर जागा. मी खूश होऊन तुला फोटो धाडला. तुझं उत्तर आलं, "मामा, अजून थोडी लहान बघा ना. आणि पंखे आवाज न करणारे हवेत. बाहेर अजिबात ऐकू यायला नको." मी पुन्हा लहानच्या मागं लागलो. लहान मिळाली की तू म्हणायचीस, उंची अजून दोन बोटं कमी. मी वैतागून तुझ्या मापाचा पुठ्ठ्याचा खोकाच बनवला आणि जिथं जाईन तिथं काखेत घेऊन फिरलो. लोकांना वाटलं मामाला लग्नाची हवा लागली. मामी म्हणाली, "इतलं बारीक पाहिजे ते मंग पितळना डबाच ली ये ना." तिनं थट्टेत म्हटलं, पण माझ्याही मनात किडा वळवळायला लागला होता. तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, नथ्थूभाऊंच्या घराला जागेची वाण नाही. त्यांच्या ओसरीत ट्रॅक्टर उभा राहून वर लग्नाची पंगत बसेल. तिथं एका टेबलाखाली चार बोटांनी काय अडतंय?

ते परवा कळलं. नथ्थूभाऊंच्या विहिरीवरची मोटार बसली म्हणून मी प्रकाशाला गेलो होतो. व्याह्यांच्या कामाला नाही कसं म्हणणार? मोटार सोडवून वर आलो, हात धुतले, चहा आला. नथ्थूभाऊ खुशीत होते. म्हणाले, "सूनबाई बठ्ठा गावना फारम घरमा बशीसन मोबाईलवर भरी देई. आम्हले आते सेंटरवर जावानी गरज नही." मी म्हटलं, भरेल की, तिला काय अवघड आहे. ते कॉम्प्युटरचं नावही काढत नाहीत, हे मला तोवर खटकलं नव्हतं. मग नवरदेव योगेंद्र म्हणाला, "मामा, खोली तं पहा तुम्ही." पोरगा गुणी आहे सपू, यात माझं दुमत नाही. नवा रंग दिलाय, खिडकीला पडदा लावलाय, पलंग आलाय. भिंतीला लाकडी कपाट नवं करून घेतलंय. माझ्या काखेत तो पुठ्ठ्याचा खोका होताच. योगेंद्रनं तो हसत हसत माझ्याकडून घेतला, कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि आत सरकवला. डाव्या उजव्या बाजूला आणि वर करंगळीसुद्धा जाईना. मागं वायरीपुरतं भोक पाडून ठेवलेलं. त्यानं दार लावलं, किल्ली फिरवली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी आता शाबासकी देणार.

"हाई माप मीच दिधं तिले, मामा," तो म्हणाला. "आठे ठेवी दिधं, दार लाई दिधं, का मना बाले काय समजाव नही. पोर गेम खेळस म्हनीसन गावमा चर्चा कसाले? सगळा झोपनात का खेळी लेई ती."

सपू, मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितलीय. विहिरीत मेलेल्या डुकरासोबत चार दिवस बुडालेली मोटार मी उघडलीय आणि मग घरी येऊन जेवलोय. पण त्या स्वच्छ, नव्या रंगाचा वास येणाऱ्या खोलीत मला जशी शिसारी आली तशी कधी आली नव्हती. त्या पोराच्या डोळ्यांत कपट नव्हतं, हीच तर किळस. त्याला वाटत होतं तो तुझ्यावर माया करतोय. किल्लीसुद्धा त्यानं तुझ्यासाठी लाल दोऱ्यात ओवून ठेवलीय. मी चहाची उरलेली बशी तशीच ठेवून निघालो. 

आधी मला योगेंद्रचा राग आला. मग घरी येऊन तुझे सगळे मेसेज वाचले. लहान हवी. आवाज नको. दिवा नको, फटीतून दिसेल असं काही नको. तेव्हा मला वाटलं होतं, आपली पोर साधी आहे, भपका नको म्हणतेय. तू त्या कपाटाचं माप मला पाठवत होतीस. तुला सगळं माहीत होतं, आणि तू मान्य केलं होतंस. डावीकडून येतोय म्हणून भरल्या दुकानात ओरडणारी पोर आता घर झोपायची वाट बघणार, ओठ मिटून खेळणार. कॅप्टननं आवाज केला नाही तर त्या पोरींना कळणार कसं, कोण कुठून येतोय ते?

धंद्याचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती तुला पटेल. ते कार्ड जोरात चालतं तेव्हा इस्त्रीसारखं तापतं. मागं वायरीपुरतं भोक आणि पुढं बंद दार, म्हणजे तेच तेच गरम वारं ते पुन्हा ओढणार. काही दिवस चालेल. मग मधूनच अडखळेल, मग आपणहून बंद पडेल, आणि तुला वाटेल माल खराब निघाला. असं बंद खोलीत कोंडलेलं किती सामान माझ्याकडं जळून येतं, आणि प्रत्येक जण कंपनीलाच शिव्या देतो.

तू म्हणशील, वरीसभराचाच प्रश्न आहे मामा, मग हळूहळू सांगू. योगेंद्रही तेच म्हणाला असणार तुला. पण पहिल्या दिवशी जे लपवलं ते वर्षानं काढायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतात, खेळते ती एक आणि वर्षभर लपवलं ती दुसरी. दुसरी नथ्थूभाऊंना पचायची नाही. आज पहिली कदाचित पचेल. माणूस तोंडानं फटकळ आहे, पण माझ्याशी मोटारीवरून भांडून पुन्हा माझ्याकडंच येतो. आणि नाहीच पचली, तर हळद लागायच्या आधी कळलेलं बरं. तुझ्या आईला हे वाक्य दाखवू नकोस.

फोन केला असता तर तू "जाऊ द्या ना मामा" म्हणून हसून मोकळी झाली असतीस, म्हणून हे लिहून पाठवतोय. जीपवाल्या रामसिंगच्या हाती पत्रासोबत एक खोकं येईल. त्यात अखेर सापडलेली कॅबिनेट आहे, मला पहिल्यांदा आवडली होती तशीच जाड पत्र्याची, जाळीची, पण माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या मापाची. लहानच आहे, मांडीवर घेऊन बसशील एवढी. फक्त काल जब्बारभाईंकडून मी तिच्या डोक्यावर एक मूठ बसवून घेतली, ट्रंकेला असते तशी, पितळी. त्यांनी विचारलं, "सफर पे जा रही है क्या बिटिया?" मी म्हटलं, असंच समजा. त्या मुठीनं ती त्या कप्प्यात जात नाही. कप्पा माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्याएवढाच आहे, आणि ही मूठ त्याच्यावर चार बोटं येते. रुखवतात लाडू-करंज्या मांडतात त्या टेबलावर, मधोमध, तू सगळे भाग जोडून ती चालू करून ठेवायची अशी माझी इच्छा आहे. नथ्थूभाऊ विचारतील हे काय, तेव्हा उत्तर तुझं तू द्यायचं. पण त्याआधी, रविवारी ते साड्यांसाठी शहाद्याला आमच्याकडं येणार आहेत, तेव्हा तूही ये आणि तुझ्या तोंडानं सांग. मामा लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहतो ना, मी रविवारपासूनच उभा राहतो. आणि नाहीच सांगायचं असं तुझं ठरलं, तर मूठ दोन स्क्रूंवर आहे. स्क्रूड्रायव्हर तू माझ्याच दुकानात धरायला शिकलीस. काढायची तर तू काढ, सपू. मी काढून देणार नाही.

तुझाच, बोलशील तरी आणि न बोलशील तरी,
हेमकांतमामा