हवेत मोडलेला अबोला

ती. स्व. दादांना,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द रीत म्हणून लिहितो, पण सध्या पालथं पडल्याशिवाय पाठीला चैन नाही, तेव्हा या खेपेचा नमस्कार अगदी खरा समजावा.) तुमची साखर, वहिनींचा गुडघा आणि गच्चीवरचं गळकं पिंप, तिघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. आम्ही घरी पोचलो. कसे पोचलो ते शेवटपर्यंत वाचा, कारण निवाडा तुम्हालाच करायचा आहे.

तुमच्याकडून निघताना तुमच्या बहिणीचा आणि माझा अबोला होता, हे तुम्ही पाहिलंतच. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन लांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय आणि ती म्हणते, मला कापून घ्यायचं नाही. मी करायचंच म्हटलं, ती नाहीच म्हणाली, आणि तुमच्या घराण्याचा तो नियम लागू झाला. दोघांनी गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो हरला, त्याने दुसऱ्याचं ऐकायचं. (असला नियम काढल्याबद्दल तुमच्या वडिलांना मी काही म्हणत नाही, पण जावयाला लग्नाआधी सांगायला हवा होता.) जन्मभर बस चालवली, पण घरातलं स्टिअरिंग कधी माझ्या हाती आलं नाही. या वेळी मात्र मी तोंडाला कुलूपच घातलं होतं, कारण हरलो तर तिलाच गमावून बसेन, ही भीती.

विमानात मी खिडकीशी, ती कडेला, आणि मधली खुर्ची रिकामी राहील असा आमचा होरा होता, तिथे एक दातांचे डॉक्टर येऊन बसले. जागा बदलू का, म्हणाले. आम्ही दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. मग सगळा कारभार त्या बिचाऱ्यामार्फत. इकडचे निरोप तिकडे पोचवता पोचवता त्यांचा चहा गार झाला. पट्ट्याचा दिवा विझल्याबरोबर तिने पट्टा सोडला. विमानातल्या बाई सांगून गेल्या होत्या की दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा असू द्या, हवेतला खड्डा आधी दिसत नाही. (रस्त्यावरचा दिसतो, आणि त्याला शिव्याही घालता येतात.) मी डॉक्टरांना म्हटलं, त्यांना बांधायला सांगा. उलट निरोप आला, त्यांना सांगा, पोटाला काचतो.

आणि तिला धाप लागली. गोळ्यांची पिशवी वरच्या कप्प्यात, म्हणून ती उठली, तोच पहिला दणका बसला. दिवा लागला. कॅप्टनने सगळ्यांना, विमानातल्या बायांनासुद्धा, बसायला सांगितलं. त्या बाई आपल्या खुर्चीत पट्टा आवळून ओरडल्या की असाल तिथे खाली बसा. हिचा मात्र हात कप्प्यात आणि टाचा वर. मी डॉक्टरांना ढोसलं. ते म्हणाले, ते म्हणतात बसा. ती म्हणाली, सांगा, पिशवी मिळाली की बसते. आणि पायाखालून विमानच निघून गेलं. चहा छताला लागला, माझा चष्मा गेला, आणि दादा, तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"अगं बस! पडशील, खाली बस!"

हे मी ओरडलो. शिवाय स्वतःचा पट्टा सोडून डॉक्टरांच्या मांडीवरून झेपावलो. (हे करू नये. तुम्हीही वर उडून तिच्यावर आदळला असता, असं त्या बाईंनी नंतर मला चारचौघांत सुनावलं, आणि बरोबरच सुनावलं.) तिचा स्वेटर माझ्या मुठीत आला, दंड डॉक्टरांच्या हातात, ती खुर्चीत आपटली आणि मी खुर्चीच्या हातावर पाठ मोडून घेतली. त्या भल्या माणसाने तिचा पट्टा कमरेशी घट्ट आवळला आणि तिने छातीशी धरलेल्या पिशवीतून गोळी काढून तिच्या तोंडात घातली. विमान थरथरत होतं, तिचे डोळे मिटलेले, आणि तिची छाती हलतेय की नुसतं विमान, ते मला कळेना. भर उतारावर ब्रेक गेले होते तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

पुढे हवा निवळली, तिने डोळे उघडले, आम्ही उतरलो. घराच्या दारात कुलूप काढताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आधी तुम्ही बोललात."

झालं. ऑपरेशन रद्द.

वहिनींना नमस्कार. पिंपाचं तेवढं बघा.

तुमच्या बहिणीचा,
पाठ धरलेला नवरा

ता. क. नियम जमिनीवर केलेला आहे, तो हवेत लागू होत नाही, असा निवाडा कृपा करून लगेच कळवा. तुमचा शब्द ती मोडत नाही. वडिलांनी तसं सांगून ठेवलं होतं अशी थाप मारावी लागली तरी मारा. मी जन्मभर तिचं ऐकेन, पण एवढं एक नको.

आणखी ता. क. दादा, अक्षर बदललेलं दिसलंच असेल. पाठीमुळे ह्यांना बाहेर पडवत नाही, म्हणून पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, तेही पाकीट न चिकटवता. इतकी वर्षं संसार करून माणूस एवढा भोळा कसा राहतो कोण जाणे. विमानात पाय जमिनीवरून सुटले तेव्हा मी ह्यांना हाक मारली. ह्यांच्या आधी. त्या गोंधळात ह्यांना ऐकू गेली नाही, डॉक्टरांना गेली. उतरताना ते माझ्याकडे बघून हसले. दारात मी खोटं बोलले, कारण मला भीती वाटते रे. पण हरले मीच, आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले आहे. ह्यांना मात्र तुझ्या निवाड्यामुळेच झालं असं वाटू दे. आणि त्या दिवशी तू ये. मी आत असेन, तेव्हा बाहेर ह्यांच्याशी बोलायला कुणीतरी हवं.