हवेलीची शेवटली ओळ

तांडा, ता. दिग्रस
१० नोव्हेंबर २००५

चि. वर्षास दादीचा आशीर्वाद. जय सेवालाल.

तुहं पत्र भेटलं. पुण्यात गिटारवाल्या पोरांसंग गाऊन राह्यली म्हणतेस, अन् तुले हवेली पायजे. कायले? नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून, हात वर करून बापाच्या तांड्याचा निरोप घेते, तवाचं गाणं ते. तुले ना नवरा ना बैल. बरं, मागतेस तं सोबतच्या कागदावर लिवलं आहे. फक्त शेवटली ओळ, ‘बा, आता तुहं दार मले परकं’, ती म्हणू नको. ती नवरी एकदाच म्हणते. मंग तिले माहेरी यायचं तं बाप नाही तं भाऊ आणायले जाते. आपल्या पायानं ती येत नाही. अन् तुले भाऊ नाही.

ज्याच्या बंगल्यात तुमी गाता, त्या रुस्तुमकाकाले म्हणावं, सत्तरीले आलास, केस काप. उवा पडतीन.

कापूस अळीनं खाल्ला. जीव सांभाळ, अन् दादीवर माया राहू दे.
रुपीबाई


पुणे
२ जानेवारी २००६

ती. दादीस वर्षाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कार्यक्रम झाला, रुस्तुमकाकांच्या बंगल्याच्या अंगणात. सत्तर सालाच्या सुमारास इथेच गोरे हिप्पी आणि कॉलेज सोडलेली इथली पोरं गांजा ओढत, गिटारी वाजवत बसायची. रस्त्यावरून गोंधळी गेला तर त्याला आत बोलवायची आणि त्याच्या संबळासोबत रात्र काढायची. घरच्यांनी त्यांना टाकलं होतं, त्यांनी घरच्यांना. सायकेडेलिक म्हणतात त्या वाजवण्याला. आवाज लांबतो, विरघळतो, डोकं गरगरतं. आता त्यातले बहुतेक मेले, उरलेले अमेरिकेत दुकानं टाकून बसले, असं काका सांगतात.

दादी, मी शेवटची ओळ म्हटली. प्रतिध्वनीचं मशीन माझाच आवाज पुन्हापुन्हा परत पाठवत होतं, तिथे थांबताच येईना. लोक रडले. कॅसेटही निघाली. बाबांना सांगू नकोस.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
वर्षा


तांडा
२० जानेवारी

चि. वर्षास आशीर्वाद.

मले सांगायची गरजच पडली नाही. तुहा बाप दिग्रसले कापूस मोजायच्या रांगेत उभा होता, अन् समोरच्या पानठेल्यावर कॅसेटीत तू गाऊन राह्यली होती. घरी येऊन देवसिंग म्हणे, पोरीनं हवेली म्हटली, पोरगी गेली. म्या इचारलं, बैल होता काय रे तिथं? बैलाबिगर कायची हवेली? तं म्हणे, याडी, अवं माय, बैल तं आपणही दिवाळीले विकले, मंग या तांड्यातल्या पोरी काय जन्मभर घरीच बसतीन? माह्यं तोंड बंद करनारा तो पह्यलाच.

तुही माय भाकरी थापत राह्यते. तुहं नाव घरात कोणी घेत नाही. काहून म्हटलीस ती ओळ? इतकं सांगूनही?

लोभ आहे. पण इथं लोभाले कोण पुसते.
दादी


पुणे
२५ फेब्रुवारी

ती. दादीस नमस्कार.

बंगला पाडला. तिथे आता टॉवर होणार. रुस्तुमकाकांना भाच्याने वृद्धाश्रमात ठेवलं. त्यांचे केस तिथे कापले; तू जिंकलीस. बाकीची मुलं नोकरीला लागली. ‘तू गावाकडची, तुझं तरी घर आहे,’ असं मला सगळे म्हणतात.

होळीला येऊ? तांड्यात लेंगी नाचायला माणूस कमी पडत असेल. बाबांना विचार. नुसतं ‘ये’ एवढं लिहिलंस तरी पुरे.

वाट पाहणारी,
वर्षा


तांडा
१८ मार्च

चि. वर्षास आशीर्वाद.

इचारलं. देवसिंग म्हणे, आणायले गेल्याबिगर ती येत नसते, अन् मी जात नाही. म्या म्हटलं, मी जाते. तं म्हणे, बुढी जात नसते, बाप जाते. खोटं कसं म्हणू? म्याच तुले लिवलं होतं.

होळी झाल्यावर शेजारच्या लालसिंगची पोरगी सासरी गेली. बैल नव्हता, टेम्पोच्या फाळक्यावर तिले उभी केली. तिले हवेली येत नव्हती. ओळी सांगायले म्हणून मी गळा साफ करून बसली होती. ड्रायव्हरनं तुही कॅसेट लावली. पोरगी नुसती हात वर करून उभी, अन् आवाज तुहा. शेवटली ओळ आली. पुन्हा आली. पुन्हा. तुह्या बापानं उठून दार लोटून घेतलं.

बाया टेम्पोमागं गेल्या. मी बसूनच राह्यली, ती ओळ आणखी एकदा येते काय म्हणून. टेम्पो नाल्यापलीकडं गेला.

जेवत जाय. माया आहे. येऊ नको.
दादी