लॉक माझ्या खिशात

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज दुकान उघडलं. कॉम्प्युटर सुरू झाला नाही. नेहमीप्रमाणे बटण दाबून ठेवलं, डाव्या बाजूला चापट मारली, मनात दहा आकडे मोजले. ही पद्धत शहाद्यात फक्त मला माहीत आहे. तरी नाही. खोलून पाहिलं तर आत पाल. ती जळालेली, बोर्डही जळालेला. हार्ड डिस्क तेवढी शाबूत.

घाबरण्यासारखं काही नाही. पण कामिनी ग्राफिक्समध्ये आजवर छापलेली प्रत्येक लग्नपत्रिका त्या डिस्कमध्ये आहे. आमच्याकडे कोणी नवी पत्रिका करत नाही. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, अशीच, फक्त नावं बदला. मग मी जुनी फाइल उघडतो, नवरानवरी बदलतो, मधल्या काळात कोणी आजोबा गेले असतील तर त्यांना ‘कै.’ लावून वरच्या ओळीत नेतो. हे सगळं ज्या प्रोग्राममध्ये होतं तो त्याच जुन्या विंडोजवर चालतो. त्याची सीडी हरवली आहे. ती मी हरवलेली नाही.

चुनीलालशेठ डोक्याला हात लावून बसले. म्हणे, तुळशीचं लग्न आठवड्यावर, गिऱ्हाईक दारात, आते कसं व्हई रे हिलाल? मी शांतपणे सांगितलं, दोन दिवस द्या.

उपाय रात्रीत सुचेल.

५ नोव्हेंबर

सुचला नाही. डिस्क हिशोबाच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. निळा स्क्रीन. डिस्कला परकं वाटलं असावं. तिला माझी सवय आहे.

शेठचा पुतण्या नवनीत दिवाळीला पुण्याहून आलाय, तो आज दुकानात आला. त्याच्याजवळ मॅक लॅपटॉप आहे. तो त्याने माझ्या टेबलावर ठेवला. विचारलं नाही. म्हणाला, या विंडोजला व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू. (‘व्हर्च्युअल’. दोनदा तपासून लिहिलंय.) म्हणजे मॅकच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर बनवायचा आणि जुन्या विंडोजला वाटू द्यायचं की आपण आपल्याच घरात आहोत.

थोडक्यात फसवणूक. मला तसलं जमत नाही, पण त्याचं त्याला.

काउंटरवर ऑर्डर घेणारी काजल पेन बंद करून ऐकत होती. मी पाल काढत होतो तेव्हा तिने मान वर केली नव्हती.

नवनीतला चहा कपबशीत आला. मला कागदी कपात. मी या गोष्टींकडे लक्ष देत नाही.

६ नोव्हेंबर

शेठनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा डबा जो चालू करील तो सीझनभर ऑपरेटरच्या खुर्चीवर. दुसऱ्याने काउंटर, गठ्ठे आणि टेम्पो बघायचा.

ती खुर्ची माझी आहे. फिरते. तिच्यावरची उशी मायने जुन्या लुगड्याची शिवून दिली आहे. माझी खुर्ची बक्षीस म्हणून मलाच कशी मिळणार, हे शेठना विचारणार होतो, पण तेवढ्यात ते नवनीतला घेऊन जेवायला गेले.

ठराव : हे काम मीच करायचं, नवनीतच्याच मॅकवर. म्हणजे त्याला उत्तर उरणार नाही. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. दोन्ही इंग्रजीत होते, पण बाण स्पष्ट होते.

७ नोव्हेंबर, रात्री

नवनीत नातेवाइकांकडे तळोद्याला गेला होता. मॅक इथेच होता. मला मॅकचा हेवा वाटत नाही. चंदेरी आहे, एवढंच. झाकण उघडताना आवाज होत नाही. त्यात कौतुक काय, आवाज असला तर कळतं तरी की उघडलं.

डिस्क वायरने जोडली. आतलं सगळं निवडलं आणि ओढून मॅकमध्ये टाकलं. दिवसभर कॉपी चालू होती. कोणी धक्का मारू नये म्हणून मी जवळून हललो नाही. काजलने विचारलं, हिलालभाऊ, बाथरूमला बी जावाना नही का? मी म्हटलं, कामाच्या वेळी काम.

संध्याकाळी झालं. शेठना सांगितलं, आलं सगळं. शेठनी पाठ थोपटली. आज मायला सांगितलं की खुर्चीचं पक्कं झालं.

८ नोव्हेंबर

नवनीतने पाहिलं आणि हसला. म्हणाला, यार हिलाल, तू नुसतं सामान उचलून आणलंस, घर तिकडेच राहिलं. फोल्डर आणले म्हणून विंडोज उठून उभं राहत नाही. म्हणे, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढावी लागते, रिकाम्या जागेसकट.

रिकामी जागा कशाला आणायची, हे मी विचारलं. काजल हसली. प्रश्न बरोबर होता.

शेठ म्हणाले, तू आते सुट्टा ऱ्हाय, त्याले करू दे. मी सुट्टा राहिलो. गठ्ठे मोजले. दोनदा.

९ नोव्हेंबर, शनिवार

नवनीतने जशीच्या तशी प्रत काढली. खोटा कॉम्प्युटर बनवला. सुरू केला. निळा स्क्रीन.

मला फार वाईट वाटलं. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या, पण ते थंडीमुळे.

एक महत्त्वाची माहिती मिळाली. नवनीतचा मॅक सेकंडहँड आहे. खालच्या बाजूला दुसऱ्याच कुणाच्या नावाचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं आहे. काजलला सहज बोलता बोलता सांगितलं. ती म्हणाली, तरी बी कितला भारी शे.

११ नोव्हेंबर

झालं. नवनीतने कुठेतरी डिस्कचा प्रकार बदलला, एकच खूण काढून दुसरी केली, आणि मॅकच्या पोटात माझं विंडोज उठलं. तेच संगीत वाजलं. तोच माझा वॉलपेपर, तोरणमाळच्या तलावाकाठी मी, गॉगल लावून. एवढा मोठा फोटो त्या स्क्रीनवर पहिल्यांदाच पाहिला. काजल तोंडाला ओढणी लावून आत गेली.

तो कॉम्प्युटर माझ्याशिवाय कोणाच्या हाताने कधी सुरू झाला नव्हता. आज नवनीतने टिचकी मारली आणि झाला. चापट नाही, दहा आकडे नाहीत. इतकं लगेच सुरू व्हायला नको होतं त्याने.

मग नवनीतने पत्रिकेचा प्रोग्राम उघडला. लिहून आलं : लॉक लावा.

लॉक म्हणजे पेनड्राइव्हसारखी बोटभर वस्तू. ती मागे खोचलेली असल्याशिवाय प्रोग्राम एक अक्षर दाखवत नाही. दुकानात एकच आहे. जळालेल्या कॉम्प्युटरमधून पहिल्याच दिवशी मी ती काढून ठेवली होती, सुरक्षिततेसाठी. ती माझ्या पँटच्या खिशात होती, मांडीला लागत होती.

शेठनी विचारलं, लॉक कोठे शे? मी म्हटलं, बघावं लागेल.

खोटं बोललो नाही. बघावं लागतंच.

१२ नोव्हेंबर

विचार पक्का केला. मॅकच्या पोटात वीस कॉम्प्युटर घाला, लॉक एकच आणि ते माझ्याकडे. शेठनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, हिलालशिवाय होणार नाही. मग लगेच काढून देतो. नवनीतने म्हटलं तरी चालेल, पण ‘यार’ न म्हणता.

आज कोणी म्हटलं नाही. शेठ दोनदा म्हणाले, दखी ल्हे ना रे. नुसतं ‘बघून घे’ धरत नाही.

काजल नवनीतच्या शेजारी स्टूल टाकून मॅकवर मराठी टायपिंग शिकते आहे. तो तिला ‘क्ष’ कुठे ते दाखवतो. ‘क्ष’ मीही दाखवू शकलो असतो. तिने गेल्या दोन वर्षांत कधी विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

आज नक्की म्हणतील.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कोणी म्हटलं नाही. घरी आलो तर पँट दोरीवर.

मायने सकाळी बादलीत भिजवली, पावडर टाकली, धोपटली, पिळली. लॉक तिने काढून देव्हाऱ्याजवळ ठेवलं होतं, धुतल्यानंतर. म्हणाली, खिसामा काय काय ठेवस रे तू, हाई काय शे, मीठना डबाना झाकणनी मूठ शे का? मी ओरडलो नाही. तुळशीचं लग्न होतं, ऊस धरून उभा राहिलो. मंगलाष्टकं चालू असताना लॉक तांदळाच्या डब्यात होतं. तांदूळ ओलावा ओढतो.

१४ नोव्हेंबर

तांदूळ ओलावा ओढतो, पण सगळा नाही.

दुकानात सगळ्यात आधी गेलो. कोणी यायच्या आत मॅकला लॉक लावलं. पुसून लावलं, फुंकून लावलं, उलटं लावलं (उलटं जात नाही). शेवटी चापट मारली. मॅकला चापट मारलेली नवनीतला चालत नाही, तो दारातच उभा होता.

शेठना सांगितलं, लॉक सापडलं, पण जुनं झालं होतं, कधीतरी जाणारच होतं. हे शब्दशः खरं आहे. शेठनी लॉक नाकाजवळ नेलं. म्हणाले, निरमाना वास येस.

मी म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही. वाटलं, आता तरी सगळे अडतील. जुनी पत्रिका उघडणार कशी?

१५ नोव्हेंबर

कोणी अडलं नाही.

मी प्रत्येक पत्रिकेची एक छापील प्रत गाववार फायलीत लावून ठेवतो. वडाळी, प्रकाशा, म्हसावद, सगळी. अशी शिस्त जिल्ह्यात कुठे नसेल. काजलने ती फाइल काढली, पत्रिका समोर ठेवली आणि मॅकवर नव्याने टाइप केली. अर्ध्या तासात. गिऱ्हाईक म्हणालं, अक्षर आधीपेक्षा मोकळं वाटतं.

शेठ म्हणाले, फाइल कोणी लावी? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, बेस करं. आणि काजलला खुर्चीवर बसायला सांगितलं, कारण नवनीत रविवारी पुण्याला चालला आहे. मॅक तो इथेच ठेवून जाणार आहे. त्याला म्हणे नवा घ्यायचाच होता.

खुर्ची नवनीतला मिळाली नाही. हे लिहून ठेवतो.

१६ नोव्हेंबर

काजलने टाइप केलेल्या पत्रिकेचं प्रूफ मला वाचायला दिलं. शुद्धलेखन दुकानात माझ्याइतकं कोणाचं नाही. चूक शोधली. सापडली नाही. जेवून आल्यावर पुन्हा शोधली.

उशी परत मागावी का? ती म्हणाली, हिलालभाऊ, उशी भारी शे, मायले सांगजा. आता कशी मागणार.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मॅकच्या पोटातलं विंडोज काढून टाकायचं ठरलं होतं. लॉक नाही, प्रोग्राम नाही, मग ठेवून काय करायचं? शेठनीच अडवलं. त्यात त्यांचा पत्त्यांचा खेळ आहे. बारा वर्षं जेवणानंतर ते माझ्या कॉम्प्युटरवर एक डाव खेळत आले आहेत आणि मी त्यांच्यामागे उभा राहिलो आहे.

आज काजल जेवायला गेल्यावर शेठ खुर्चीत बसले. मॅकच्या आत विंडोज, विंडोजमध्ये मी गॉगल लावून, माझ्या छातीवर पत्ते. शेठनी हाक मारली. हिलाल, इकडे ये, हाई लाल सत्ती कोठे ठेवू?

काळ्या अठ्ठीवर, मी म्हटलं.

डाव सुटला. नवनीतला हा खेळ येत नाही. पुण्याला फोन करून खात्री करून घेतली.