कपातीचा रकाना

ता. ६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल, काम पडल्याशिवाय ही पोरगी पत्र लिहीत नाही. खरं आहे, पडलंच आहे. आठवीच्या मुलांना मी महिनाभर ‘नोकरीला’ लावणार आहे. चिठ्ठी उचलायची, निघेल ती नोकरी करायची आणि पगारात खोलीभाडं, किराणा, बसभाडं भागवून महिना काढायचा. पगारपत्रकं खरी वाटली पाहिजेत, आणि कारखान्यात तीस वर्षं पगार-कारकुनी केलेला मामा मला एकच आहे. अठ्ठावीस नोकऱ्यांची यादी सोबत आहे. नमुना म्हणून माझंच पगारपत्रक जोडलंय.

चोवीस तारखेला तपासणी अधिकारी हाच तास बघायला येणार. माझी नेमणूक अजून हंगामी आहे. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. आईला वाटतं मी कधीच कायम झाले, तेव्हा तिच्यापाशी तोंडाला कुलूप.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
चिमणी

ता. १२ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अठ्ठावीस पगारपत्रकं पाठवली आहेत, प्रत्येकी तीन प्रतींत. निवृत्तीनंतर शिक्के वाळून गेले होते, त्यांना पुन्हा शाई पाजली. मामी म्हणते, लग्नातसुद्धा मी इतका खूश दिसलो नव्हतो.

कपाती आमच्या कारखान्याच्या नियमाप्रमाणे धरल्या आहेत. भविष्य निर्वाह निधी, कर, आणि गमबुटांचे पैसे. गमबूट सर्वांना सक्तीचे. नर्तकी आणि न्यायाधीश यांनाही सूट दिलेली नाही. एकाला सूट दिली की सगळे रांग लावतात.

‘शिक्षिका’ या पत्रकात तुझ्या नमुन्यातले आकडे जसेच्या तसे उतरवले आहेत, ‘सुट्टीचे दोन महिने बिनपगारी’ ही खालची बारीक ओळसुद्धा. पगारपत्रकावर मी कधी खोटा आकडा लिहिला नाही, आता भाचीसाठी कशाला लिहू? सुट्टीत तू काय खातेस हे मी विचारत नाही. मामी विचारते आहे.

पत्र टाकत जा, नुसत्या याद्या नकोत.

मामा

ता. १७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गमबुटांनी माझा वर्ग पेटवलाय! पगार हातात पडला तेव्हा सगळे लक्षाधीश होते. कपातीचा रकाना वाचला आणि एकेकाचा चेहरा उतरला. न्यायाधीश बाकावर उभा राहून म्हणाला, गमबूट घालून निकाल देणार नाही. आता संघटना निघाली आहे. नर्तकी अध्यक्ष आहे. गमबूट रद्द झाले नाहीत तर चोवीस तारखेला, म्हणजे नेमकं साहेबांसमोर, संप.

वैमानिकाने सगळ्यात मोठा पगार घेऊन दुसऱ्या दिवशी कागदावर घोडा विकत घेतला. आता भाड्याला पैसे नाहीत, म्हणून घोड्यासकट न्हाव्याच्या खोलीत राहतो. न्हाव्याची मात्र शिल्लक पडते आहे.

खरी पंचाईत वेगळीच आहे. शिक्षिकेची चिठ्ठी निघाली, वर्ग जिला मोजपट्टी म्हणतो, तिला. ही शिंप्याची मुलगी, अर्धा बोट कापड वाया गेलं तरी हिला झोप येत नाही. ती बारीक ओळ तिने पहिल्याच दिवशी वाचली. चार दिवस खोडते, लिहिते आहे, गणित सुटत नाही. कसं सुटेल? मला तीन वर्षांत सुटलेलं नाही. सुट्टीत मी चहा-पोळीवर राहते, आणि आईला कळवते की भूक कमी झालीय. साहेबांपुढे हे वाचलं गेलं तर त्यांना वाटेल, मी मुलांकरवी रडगाणं गातेय. कृपा करून ते पत्रक बदलून द्या.

रागावू नये.

चिमणी

ता. २० जानेवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

दिलेलं पगारपत्रक मागे घेता येत नाही. संघटनेस कळवावे की गमबुटांची तक्रार फक्त शनिवारी चार ते पाच या वेळेत, तीन प्रतींत घेतली जाईल.

मामीने लाडू पाठवलेत. भूक कमी झाली असली तरी खा.

मामा

ता. २५ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

लाडू संपले. काल साहेब आले. संप टळला, कारण तीन प्रती लिहिता लिहिता संघटनेचे हात दुखायला लागले.

मी मोजपट्टीला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसवलं होतं. साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. तिने सांगितलं की बाकी सगळ्यांचं भागतं, घोडा विकला तर वैमानिकाचंही भागेल. शिक्षिकेचं काही केल्या भागत नाही. साहेब हसून म्हणाले, बेरीज चुकली असेल. मग स्वतः फळ्याशी गेले. तीनदा मांडलं, कोटाला खडू फासला, उत्तर तेच. असं पगारपत्रक खरं असूच शकत नाही, असं ते म्हणाले, आणि अठ्ठावीस बोटं माझ्याकडे वळली. मामा, धरणी दुभंगावी असं झालं.

साहेबांनी तिला विचारलं, मग तू काय केलंस? तिने वही वाचून दाखवली. आधी वर्तमानपत्र बंद, मग चहा बंद, आणि शेवटी, ‘सुट्टीचे दोन महिने बाई मामांकडे राहतील.’ पत्रकाखाली तुमची सही होती ना, ती कुणाची म्हणून तिने मला विचारलं होतं, तिथून तिला मामा मिळाला. साहेब म्हणाले, प्रत्येक शिक्षिकेला मामा असतोच असं नाही. वैमानिकाने लगेच घोडा देऊ केला. साहेब हसले नाहीत. वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

आता काय होईल ते होवो. तुमचा राग मात्र आलेला नाही.

चिमणी

ता. १९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

कायम झाल्याचं तुझं पत्र पोचलं. सुट्टीचा पगारही धरलाय, ती ओळ मामीने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग उगाचच डोळे पुसत भांडी घासायला गेली. आईला तू स्वतः सांग. यापुढे तिच्याशी खोटं बोलायचं नाही, भुकेबद्दल तर नाहीच.

आता तुला मामाची गरज उरली नाही, हे कळतं. पण मोजपट्टीच्या अंदाजपत्रकात आमची खोली धरलेली आहे, ते साहेबांसमोर वाचलं गेलंय, आणि असं अंदाजपत्रक मोडणं नियमात बसत नाही. मागच्या खोलीतली गादी मामीने उन्हात टाकली आहे.

सुट्टीच्या दोन महिन्यांचं तुझं पगारपत्रक सोबत जोडलंय, तीन प्रतींत. वेतन : दोन वेळचं जेवण, चार वेळचा चहा. कपातीचा रकाना तीस वर्षांत पहिल्यांदाच कोरा सोडलाय. गमबूटसुद्धा नाहीत.

सही करून एक प्रत घेऊन ये.

मामा